१४ मार्च, मॅजेस्टिक सिनेमा, गिरगाव

प्रश्न : माझी नात रोज सकाळी चहाच्या वेळी 'संगीताच्या इतिहासात आजचा दिवस' असं काहीतरी मोबाइलवर वाचून दाखवते. आज बीटल्सनी अमुक केलं, उद्या एल्विस प्रेस्लीचं तमुक झालं. ऐकायला मजा येते, पण लंडन-न्यूयॉर्कच्या बाहेर ही गाडी सरकत नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात एवढं गाणं-बजावणं झालं. कॅलेंडरवर खूण करावी असा त्यातला एखादा पक्का दिवस सांगता येईल का? त्याच तारखेला इतर काय घडलं, तेही कळलं तर नातीला वाचून दाखवायची पाळी माझी येईल.
— एक आजोबा, लालबाग

उत्तर : खूण करायचीच, तर १४ मार्चवर करा. साल १९३१, वार शनिवार, ठिकाण गिरगावातलं मॅजेस्टिक सिनेमा. भारतात तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा बोलपट, 'आलम आरा', त्या दिवशी तिथे लागला. त्यात सात गाणी होती. पडद्यावरचा माणूस तोंड उघडून आपल्या भाषेत गातो आणि ते गाणं आपल्याला ऐकू येतं, हा अनुभव पहिल्यांदा घेतला तो गिरगावातल्या प्रेक्षकांनी. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मंडपात, टॅक्सीच्या रेडिओवर वाजणाऱ्या हिंदी चित्रपटगीताची वंशावळ मागे मागे नेत गेलं, की आपण याच थिएटरच्या दाराशी येऊन पोचतो.

तुम्ही 'पक्का दिवस' विचारलात, म्हणून पक्केपणाबद्दल आधी दोन शब्द. गाण्याचा वाढदिवस ठरवणं हे भारी किचकट काम. कवीने शब्द लिहिले तो दिवस धरायचा, चाल बसली तो, मुद्रण झालं तो, की लोकांनी ऐकलं तो? पहिल्या तीन तारखा बहुधा कुणी लिहून ठेवलेल्या नसतात. 'गीतरामायणा'सारखं उदाहरण विरळा. त्यातलं पहिलं गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं आणि पुढची गीतं आठवड्यागणिक येत गेली, म्हणून त्यांचा दिवस सांगता येतो. 'आलम आरा'ची गाणीही अशीच भाग्यवान. ती ना आधी रेकॉर्डवर आली होती, ना रंगमंचावर गाजली होती. खेळ सुरू झाला, तेव्हाच ती लोकांच्या कानी पडली. त्यामुळे तारखेबद्दल वाद नाही.

आता जागा. मॅजेस्टिक हे अर्देशिर इराणी आणि त्यांचे भागीदार अब्दुलअली युसुफअली यांचंच थिएटर. इराणी मूळचे पुण्याचे, जन्म १८८६चा. इम्पीरियल फिल्म कंपनी त्यांची, 'आलम आरा'चे निर्माते तेच आणि दिग्दर्शकही तेच. म्हणजे चित्रपटही घरचा आणि पडदाही घरचा. ते थिएटर आता नाही. त्या जागी जगन्नाथ शंकरशेट मार्गावर मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभं आहे. कोठावळे यांच्या मॅजेस्टिक बुक स्टॉलमुळे मराठी वाचकांच्या तोंडीही हेच नाव बसलं. गिरगावात आजही 'मॅजेस्टिकपाशी भेटू' म्हटलं की पत्ता विचारावा लागत नाही.

त्या शनिवारी गर्दी इतकी लोटली की पोलिसांना बोलवावं लागलं. तिकिटासाठी रांग लावायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. ज्याच्या कोपरात जोर, तो खिडकीशी पोचायचा. चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकलं गेलं. शहराचं वातावरणही तापलेलं होतं. गांधी-आयर्विन करार होऊन नऊ दिवस झाले होते आणि पुढच्या नऊ दिवसांत लाहोरला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर जायचे होते. आदल्या वर्षभरात याच गिरगावाच्या गल्ल्यांतून पहाटे प्रभातफेऱ्या गात गेल्या होत्या. अशा दिवसांत एका काल्पनिक राज्यातला राजपुत्र आणि एक भटकी मुलगी यांची गोष्ट आठ आठवडे चालली.

प्रश्न : पहिल्याच बोलपटात लगेच सात गाणी का? बोलणं पुरेसं नव्हतं का?

उत्तर : नव्हतं, कारण प्रेक्षक गाणं ऐकायला आधीपासूनच सरावलेला होता. 'आलम आरा' जोसेफ डेव्हिड यांच्या त्याच नावाच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून घेतलेला. पारशी कंपन्यांच्या उर्दू-हिंदुस्थानी नाटकांत गाण्यांची रेलचेल असे. दुसऱ्या बाजूला मराठी संगीत नाटक. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्या पदांसाठी लोक रात्र-रात्र बसत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात झालेला संयुक्त 'मानापमान' आठवा : केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. बोलपटाच्या आधीच्या लोकप्रिय संगीतातला एक दिवस निवडायचा झाला, तर मी हाच निवडेन. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांत गेले, म्हणून तो प्रयोग आणखीच लक्षात राहिला.

हा प्रेक्षक मूकपटालाही गाण्याविना जात नसे. पडद्याच्या पुढे पेटी-तबलावाले बसत आणि समोरच्या प्रसंगाला साजेसं काहीतरी वाजवत. इराणींनी एक्सेलसियर थिएटरात 'शो बोट' हा अमेरिकी चित्रपट पाहिला आणि बोलपट काढायचा निश्चय केला, असं सांगतात. कल्पना तिकडची होती, पण गाण्याची सवय इकडची. म्हणून आपला बोलपट जन्मतःच गाणारा निघाला. त्यानंतरच्या वर्षी कलकत्त्याच्या मादन थिएटर्सचा 'इंद्रसभा' आला, त्यात तर गाण्यांची संख्या सत्तरीच्या घरात गेली.

प्रश्न : पार्श्वगायन नव्हतं, तर गाणी मुद्रित कशी केली?

उत्तर : हा भाग खरा रंजक आहे. इम्पीरियलचा स्टुडिओ, जो पुढे ज्योती स्टुडिओ म्हणून ओळखला गेला, केनेडी पुलाजवळ होता. ग्रँट रोड ते चर्नी रोडच्या मधोमध, रेल्वेच्या रुळांना खेटून. १९२८पासून या मार्गावर विजेच्या लोकल धावत होत्या. आवाज बाहेर ठेवील अशा भिंती स्टुडिओला नव्हत्या. दिवसा ध्वनिमुद्रण करायला गेलं, तर राजकन्येच्या संवादात बोरिवली लोकल घुसायची! म्हणून शेवटची गाडी गेल्यावर, मध्यरात्रीनंतर काम सुरू व्हायचं आणि पहाटेची पहिली गाडी यायच्या आत आटपायचं. भारतातला पहिला बोलपट लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेला होता, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

यंत्र होतं टॅनार नावाचं. त्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर उमटत. ही सोय दिसते, पण ती अडचणच जास्त. आवाज वेगळा काढता येत नसल्यामुळे एखादी चूक नंतर दुरुस्त करायची मुभा नव्हती. नट गायचा तेव्हाच ते टिपलं जायचं. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून सेटवर मिळेल त्या आडोशाला लपवावे लागत. साथीला बसलेल्यांनाही चौकटीबाहेर राहायचं, पण सूर मायक्रोफोनपर्यंत पोचेल इतकं जवळ असायचं. यंत्र जोडून द्यायला विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकी तंत्रज्ञ आला होता. त्याच्याकडून जुजबी विद्या शिकून घेऊन इराणी आणि रुस्तम भरुचा यांनी ध्वनिमुद्रण स्वतःच्या हाती घेतलं. मादन थिएटर्सही बोलपटाच्या तयारीत असल्यामुळे हे सगळं होता होईल तो गुपचूप चाललं होतं. मादनचा 'शिरीं फरहाद' मे १९३१मध्ये आला. गिरगावाने कलकत्त्यावर अडीच महिन्यांची आघाडी घेतली ती अशी.

सात गाण्यांपैकी गाजलं ते फकिराचं, 'दे दे खुदा के नाम पे'. गाणारे वझीर मोहम्मद खान, साथ पेटी आणि तबल्याची. हिंदी चित्रपटाचं पहिलं गाणं म्हणून हेच मानलं जातं. लक्षात घ्या, हे गाणं नायकाचं नाही, नायिकेचंही नाही. कथेच्या कडेला उभ्या असलेल्या, दान मागत फिरणाऱ्या माणसाचं आहे. रस्त्यावरून गात जाणारा फकीर मुंबईकरांच्या रोजच्या ओळखीचा, त्यामुळे पडद्यावर त्याने गाणं कुणाला खटकलं नसावं. पुढे १९५६ आणि १९७३ साली 'आलम आरा' नव्याने काढला गेला, तेव्हाही फकिराच्या भूमिकेत हेच खान होते. संगीत फिरोजशहा मिस्त्री आणि बी. इराणी यांचं. नायिका झुबेदा. तिची आई फातमा बेगम ही भारतातली पहिली स्त्री-दिग्दर्शक.

नायक मात्र आपला मराठी, मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला, तलवारबाजी आणि मारामारीच्या मूकपटांमुळे घराघरांत पोचलेला. तो 'आलम आरा'साठी शारदा कंपनी सोडून आला, म्हणून शारदाने त्याच्यावर करारभंगाचा दावा लावला. विठ्ठलची बाजू कोर्टात मांडली बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी, आणि ते जिंकले. इतकं करून विठ्ठलच्या वाट्याला बोलणं आलं थोडंच. त्याचं हिंदुस्थानी कच्चं असल्यामुळे बऱ्याच प्रसंगांत त्याला गुंगीत किंवा बेशुद्धीत दाखवलं गेलं. मूकपटाच्या जमान्यातला सर्वांत महागडा गडी पहिल्याच बोलपटात जवळपास मुका राहिला! सेनापतीच्या भूमिकेतल्या पृथ्वीराज कपूर यांना ही अडचण नव्हती. आवाज हीच त्यांची पुंजी होती.

प्रश्न : ही सात गाणी आज कुठे ऐकायला मिळतील?

उत्तर : कुठेच नाही. 'आलम आरा'च्या गाण्यांच्या रेकॉर्ड निघाल्या नव्हत्या. चित्रपटांतल्या गाण्यांच्या तबकड्यांचा धंदा त्यानंतर काही वर्षांनी भरास आला. आवाज होता तो फक्त फिल्मच्या पट्टीवर, आणि ती पट्टी नाहीशी झाली.

ती कशी गेली याबद्दल एक समज घट्ट रुजला आहे, की २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत 'आलम आरा' जळाला. तो समज चुकीचा आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात स्थापन झालं, आणि त्याचे शिल्पकार पी. के. नायर यांनी अनेकदा सांगितलं की 'आलम आरा' संग्रहालयाकडे कधी आलाच नव्हता. नायर वृद्ध अर्देशिर इराणींना भेटले होते. काही रिळं घरी असतील, असं इराणींना वाटत होतं. पण त्यांच्या मुलाने नंतर नायर यांना सांगितलं, की फिल्मवरची चांदी काढून घेण्यासाठी ती रिळं केव्हाच देऊन टाकली. जुन्या फिल्मच्या थरात चांदीचे क्षार असत, तेव्हा भंगारवाल्याच्या लेखी चित्रपट म्हणजे चांदीच. त्या काळी बहुतेक निर्मात्यांनी हेच केलं, म्हणून इराणी कुटुंबाला एकटं दोषी धरण्यात अर्थ नाही. इराणी १९६९मध्ये वारले. मागे राहिली ती काही छायाचित्रं, जाहिराती आणि गाण्यांचे शब्द.

प्रश्न : एका बोलपटाने इतका फरक पडला?

उत्तर : पडला, आणि तो सर्वांत आधी पेटी-तबलावाल्यांना जाणवला. मूकपटाला साथ करून पोट भरणाऱ्यांची थिएटरातली जागा गेली. स्टुडिओंत मात्र वादकांची मागणी वाढत गेली. धोबी तलावाच्या आसपासच्या गोवेकरांच्या कुडांत राहणारे व्हायोलिन-ट्रम्पेटवाले पुढच्या दोन दशकांत याच मागणीवर जगले, आणि हिंदी गाण्याला वाद्यवृंदाचा साज त्यांनीच चढवला. संगीत नाटक कंपन्यांवर तर संक्रांतच आली. प्रेक्षक बोलपटाकडे वळला, आणि पाठोपाठ कित्येक गायक-नटही वळले.

इम्पीरियल कंपनीही एका विक्रमावर थांबली नाही. 'आलम आरा'च्याच सेटवर एच. एम. रेड्डी यांनी 'कालिदास' चित्रित केला. तो ३१ ऑक्टोबर १९३१ला लागला, आणि तमिळ बोलपटाचा इतिहास तिथून मोजतात. फारसी भाषेतला पहिला बोलपट 'दुख्तर-ए-लोर' १९३३मध्ये याच कंपनीने मुंबईत बनवला. भारतातच रंगीत प्रक्रिया केलेला पहिला चित्रपट 'किसान कन्या' हाही १९३७ साली यांचाच. केनेडी पुलाशेजारच्या एका स्टुडिओने हिंदी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांना पडद्यावर वाचा दिली. तिथे निळी पाटी लागायला हरकत नव्हती.

प्रश्न : १४ मार्चला आणखी काय काय?

उत्तर : आता नातीसाठी यादी. हे सगळे योगायोग आहेत. वर्षाचे दिवस ३६५ आणि कलावंत लाखो, तेव्हा प्रत्येक तारखेला कुणी ना कुणी सापडतंच. तरी हा दिवस जरा जास्तच सढळ आहे.

१४ मार्च १८०४ : व्हिएन्नात थोरले योहान स्ट्रॉस जन्मले. वॉल्ट्झ नाचघरांतून घराघरांत नेणाऱ्यांपैकी हे एक. त्यांचा 'राडेट्स्की मार्च' व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीत शेवटी वाजतो आणि श्रोते टाळ्यांनी ठेका धरतात.

१४ मार्च १९१८ : के. व्ही. महादेवन यांचा जन्म. तमिळ-तेलुगू चित्रपटांचे हे संगीतकार. सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला, तेव्हा तो पहिल्यांदा त्यांना मिळाला. 'शंकराभरणम्'ची गाणी तेलुगू न कळणाऱ्या मराठी श्रोत्यांनीही डोक्यावर घेतली.

१४ मार्च १९३३ : 'आलम आरा'ला दोन वर्षं झाली त्या दिवशी शिकागोत क्विन्सी जोन्स जन्मले. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' (१९८२) घडवणारे निर्माते हेच. नोव्हेंबर १९९६मध्ये जॅक्सन अंधेरीत गाऊन गेला, तेव्हा त्याच्या गाण्यांवर मुंबईची पोरं नाचली, त्यातल्या बऱ्याच गाण्यांमागे जोन्सचा कान होता. २०२४मध्ये ते वारले.

१४ मार्च १९५८ : अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने पहिली अधिकृत 'गोल्ड' तबकडी दिली. मानकरी पेरी कोमो, गाणं 'कॅच अ फॉलिंग स्टार'. गाण्याची लोकप्रियता विक्रीच्या आकड्यावर मोजून तिच्यावर शिक्का मारायची रीत इथून सुरू झाली.

१४ मार्च २००३ : सुरेश भट गेले. अमरावतीत जन्मलेल्या या कवीने मराठी गझलेला व्याकरणही दिलं आणि श्रोताही मिळवून दिला. त्यांच्या शब्दांचं मुंबईशी नातं चित्रपटांतून जुळलं. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९) म्हणजे मंत्रालय आणि कामगार वस्ती यांच्यातल्या ताणाचं चित्र. त्यात भटांची कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आशा भोसले गातात, आणि ती पुढे मोर्चांतही म्हटली गेली. 'उंबरठा'मधली (१९८२) त्यांची गझल लताबाईंच्या आवाजात आहे.

१४ मार्च २०१० : विंदा करंदीकर मुंबईत गेले. विंदा गीतकार नव्हेत, पण वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांच्याबरोबर गावोगाव फिरून त्यांनी कवितावाचन मैफलीइतकं लोकप्रिय केलं, म्हणून ते या यादीत शोभतात. त्यांची सर्वांत तोंडपाठ कविता 'घेता'. १४ मार्चचं पहिलं गाणं दान मागणाऱ्याचं आणि याच तारखेला गेलेल्या कवीची कविता देण्या-घेण्याची!

१४ मार्च २०२१ : कोरोनामुळे लांबलेला ग्रॅमी सोहळा. बियॉन्सेच्या पुरस्कारांची संख्या २८ झाली आणि सर्वाधिक ग्रॅमी मिळवणारी गायिका म्हणून तिचं नाव नोंदलं गेलं.

प्रश्न : गिरगावाचं झालं. दादर-परळची तारीख?

उत्तर : दादरसाठी ६ फेब्रुवारी. त्या दिवशी १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मॅजेस्टिकलाच लागला. तिथून मराठी चित्रपटगीताचा प्रवास सुरू झाला. संगीत आणि हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांची. तारामती दुर्गा खोटे, गिरगावच्या कांदेवाडीत वाढलेल्या. १९१५ साली याच तारखेला कवी प्रदीप जन्मले. 'ऐ मेरे वतन के लोगो'ची कल्पना त्यांना माहीमच्या किनाऱ्यावर फिरताना सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. २७ जानेवारी १९६३ला दिल्लीत ते गाणं लताबाईंनी गायलं, संगीत सी. रामचंद्र यांचं. जमैकाचा बॉब मार्ली १९४५ साली ६ फेब्रुवारीलाच जन्मला. आणि २०२२ साली, 'अयोध्येचा राजा'ला बरोबर ९० वर्षं झाली त्या दिवशी, लता मंगेशकर गेल्या. संध्याकाळी दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मुंबईत आल्यावर सुरुवातीची वर्षं त्या नाना चौकात राहत, म्हणजे 'आलम आरा' जिथे चित्रित झाला त्या स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर.

परळला राजकमल कलामंदिर. व्ही. शांताराम यांनी १९४२मध्ये ते सुरू केलं. 'शकुंतला', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ', 'पिंजरा' ही सगळी राजकमलचीच अपत्यं. यांच्या प्रदर्शनाची वर्षं सर्वांना ठाऊक आहेत. पण वसंत देसाईंनी अमुक चाल अमुक दिवशी बसवली, असं सांगणारी नोंद हाती लागत नाही. परळला तूर्त वर्षांवरच समाधान मानावं लागेल.

प्रश्न : आणि लालबाग?

उत्तर : आजोबा, तुमच्या लालबागची तारीख देता येत नाही, आणि त्याचं कारण सांगणं मला तारखेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

वर दिलेल्या तारखा पाहा. त्या टिकल्या, कारण प्रत्येक तारखेमागे वर्तमानपत्रातली जाहिरात होती, तिकीट होतं, करार होता, नाहीतर कोर्टातला दावा. गिरणगावातल्या गाण्याला यातलं काहीच नव्हतं. १९४४मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, हे आपण सांगू शकतो. अण्णा भाऊंची मुंबईची लावणी किंवा मैनेची छक्कड गिरणीच्या कुठल्या फाटकावर, कुठल्या संध्याकाळी पहिल्यांदा झाली, ते सांगू शकत नाही. हनुमान थिएटरात तमाशाच्या रात्री रंगल्या, चाळींच्या गच्चीवर भजनी मंडळांनी पहाट केली, गणपतीत बाल्या नाचवाल्यांनी नव्या चालीवर नवी कवनं रचली. ऐकणारे हजारो होते, पण नोंद करणारा कुणी नव्हता. गाणं म्हणून ते कुठेही उणं नव्हतं. कॅलेंडर फक्त कागद ओळखतं, आणि गिरणी कामगाराच्या गाण्याचा कागद झाला नाही. 'आलम आरा'चं नशीब याच्या अगदी उलट : कागद राहिला, गाणं गेलं.

तेव्हा माझा कौल असा. एकच दिवस हवा असेल, तर १४ मार्च १९३१, निःसंशय. पण लालबागच्या दिवसासाठी इतिहासकाराची वाट पाहू नका. तुमच्या पिढीकडे अजून ऐवज आहे : थिएटरबाहेर आणा-दोन आण्यांना मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, भजनी मंडळाच्या हातवह्या, शाहिराने सभेआधी घाईत उतरवून दिलेली कवनं. पोटमाळ्यावर असं काही असेल, तर रद्दीत घालण्याआधी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जाणकाराला दाखवा. कागद नसेल आणि नुसती आठवण असेल, तर नातीच्या त्याच मोबाइलवर ते गाणं म्हणून ठेवा. कुणी रचलं, कुठे म्हटलं, कुणाच्या तोंडून ऐकलं, एवढं सांगा, आणि तारीख, निदान साल तरी, न विसरता सांगा.